पितळ उघडं पडायला चाळीस वर्षं लागली: ड्रेकची पाटी आणि कॅलिफोर्नियातलं एक चावट इतिहास मंडळ

सॅन फ्रान्सिस्कोत १९३१ च्या सुमारास काही वकील आणि पुस्तकवेड्या मंडळींनी एक मेलेलं मंडळ पुन्हा जिवंत केलं. नाव ई क्लॅम्पस व्हायटस. दिसायला लॅटिन, अर्थ काहीच नाही. मूळ मंडळ सोन्याच्या शोधात आलेल्या खाणकामगारांचं. जोसेफ झुमवॉल्ट नावाच्या माणसाने १८५१ च्या सुमारास ते मोकलम्नी हिल या खाणगावात रुजवलं असं मानतात. त्या काळी गंभीर चेहऱ्याच्या, झगे-पदकं मिरवणाऱ्या गुप्त बंधुसंघांचं पेव फुटलं होतं आणि खाणकामगारांचं मंडळ म्हणजे त्यांची उघड टिंगल. अध्यक्षाला ‘नोबल ग्रँड हंबग’ म्हणायचं, म्हणजे महामहिम थापाड्या. सभेला बोलावायला ‘ह्यूगॅग’ नावाचं भोंगळ आवाजाचं शिंग फुंकायचं. विधवा आणि अनाथांची काळजी घेण्याची शपथ होती. विशेषतः विधवांची, असं वर हसत सांगायचं. खाणी संपल्या तशी ही मंडळंही विरली.

कार्ल व्हीट, जॉर्ज एझ्रा डेन आणि लिऑन व्हिटसेल यांनी ते पुन्हा उभं केलं, तेव्हा त्यात इतिहासाची भर पडली. व्हीट पेशाने वकील, पण अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या जुन्या नकाशांचा मोठा जाणकार. सभासद चार्ल्स कॅम्प बर्कलेच्या विद्यापीठात जीवाश्मांचे अभ्यासक होते आणि पश्चिमेकडच्या प्रवासवर्णनांची सूचीही करत. एडविन ग्रॅबहॉर्न देशात नावाजलेले मुद्रक. थोडक्यात, ही टवाळ पोरं नव्हती. दिवसा ग्रंथालयात नाक खुपसून बसणारी आणि संध्याकाळी लाल शर्ट घालून पिणारी ही माणसं होती. आपण इतिहासप्रेमी पेयपान मंडळ आहोत की पेयप्रेमी इतिहास मंडळ, हा प्रश्न कोणी शुद्धीवर नसल्याने सुटलेला नाही, असं क्लॅम्पर मंडळी, म्हणजे या मंडळाचे सभासद, आजही सांगतात.

अमेरिकेत पश्चिमेच्या इतिहासाची हौशी मंडळं पुढे बरीच निघाली. १९४४ मध्ये शिकागोत ‘द वेस्टर्नर्स’ सुरू झालं आणि त्याच्या शाखा गावोगावी पसरल्या. त्यांचा अध्यक्ष ‘शेरीफ’ असतो. जेवण, एक निबंधवाचन, वर्षाकाठी निबंधांचं पुस्तक असा त्यांचा बेत. क्लॅम्परांचा खाक्या वेगळा होता. त्यांचं मुख्य काम पाट्या लावण्याचं. बंद पडलेली खाण, पडकं दारूचं दुकान, जुनी टपालचौकी, जिथे कोणी सरकारी खातं फिरकणार नाही तिथे जाऊन हे लोक धातूची स्मृतिपाटी बसवतात. आज अशा पाट्यांची संख्या हजारावर गेली आहे. पाटी दिसली की वाटसरू थांबतो, वाचतो आणि वाचलेलं खरं मानतो. त्यांच्या खोडीला हेच हत्यार मिळालं.

जी पाटी सगळ्यांना हवी होती

इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक जगप्रदक्षिणेच्या वाटेवर १५७९ च्या जूनमध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागला. ‘गोल्डन हाइंड’ जहाजाची डागडुजी करत तो साधारण पाच आठवडे तिथे राहिला, त्या भूमीला त्याने ‘नोव्हा अल्बियन’ हे नाव दिलं आणि राणी एलिझाबेथच्या नावाने ताबा जाहीर केला. जहाजावरचा पाद्री फ्रान्सिस फ्लेचर याच्या टिपणांवरून रचलेलं वर्णन १६२८ मध्ये छापलं गेलं. त्यात म्हटलं आहे की ड्रेकने एक पितळी पाटी भक्कम खांबावर ठोकली. तिच्यावर राणीचं नाव, आगमनाची तारीख आणि तिथल्या लोकांनी हक्क सोडल्याचा मजकूर होता. पाटीला एक भोक पाडून त्यात सहा पेन्सचं नाणं बसवलं होतं, राणीचा चेहरा दिसावा म्हणून.

पाटीवर काय लिहिलं होतं, भोक कशासाठी होतं, नाणं कुठलं, हे सगळं छापील स्वरूपात कोणालाही उपलब्ध होतं. पाटी तेवढी नव्हती. बनावट करणाऱ्याला याहून सोपी ऑर्डर कोण देणार?

हर्बर्ट बोल्टन हे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, तिथल्याच बँक्रॉफ्ट ग्रंथालयाचे संचालक, १९३२ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्ष. अमेरिकेतल्या स्पॅनिश सरहद्दीच्या इतिहासात त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस नव्हता. वर्षानुवर्षं ते विद्यार्थ्यांना सांगत आले होते की सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या मरीन परगण्यात फिरताना डोळे उघडे ठेवा, ड्रेकची पाटी कुठेतरी पडलेली असेल. बोल्टन स्वतः क्लॅम्पर होते. मित्रांना त्यांचं हे वेड चांगलं ठाऊक होतं.

सापडली

१९३६ च्या उन्हाळ्यात बेरिल शिन नावाचा दुकानात काम करणारा तरुण मरीनमधल्या सॅन क्वेंटिनजवळच्या टेकडीवर गेला होता. तिथे त्याला काळपट पत्रा सापडला, साधारण ५ इंच बाय ८ इंचांचा. गाडीच्या दुरुस्तीला उपयोगी पडेल म्हणून त्याने तो ठेवून दिला. काही महिन्यांनी त्यावर अक्षरं आहेत असं लक्षात आलं आणि कोणीतरी त्याला बोल्टनचा पत्ता दिला. १९३७ च्या फेब्रुवारीत पत्रा बोल्टनच्या टेबलावर आला.

पुढे काय झालं ते कुठल्याही संग्रहालयाने भिंतीवर लावून ठेवावं. बोल्टन आणि कॅलिफोर्निया हिस्टॉरिकल सोसायटीचे अध्यक्ष ॲलन चिकरिंग यांनी शिनला २,५०० डॉलर देऊ केले. पाटी खोटी निघाली तर नुकसान आमचं, असंही सांगितलं. शिन तयार झाला. मग म्हणाला, काकांना दाखवून आणतो, आणि पाटी घेऊन गेला तो चार दिवस गायब. हातातली वस्तू निसटते की काय या धास्तीने रक्कम ३,५०० वर गेली. शिनचा काही डाव होता असं मला वाटत नाही. पण त्या चार दिवसांनी सगळ्यांचं लक्ष ‘ही खरी आहे का’ यावरून ‘ही आपल्याला मिळेल का’ याकडे वळवलं. विकत घेण्याची घाई सुरू झाली की तपासणी ही नुसती औपचारिकता उरते.

६ एप्रिल १९३७ रोजी सोसायटीच्या सभेत बोल्टननी शोध जाहीर केला. सभेची जागा सॅन फ्रान्सिस्कोतलं सर फ्रान्सिस ड्रेक हॉटेल. पाटीचा खरेपणा वाजवी शंकेच्या पलीकडचा आहे, असं त्यांनी सांगितलं. धातूची एकही तपासणी तोवर झालेली नव्हती.

थोड्याच दिवसांत एक शोफर पुढे आला. १९३३ मध्ये मालक मरीनच्या किनाऱ्यावरच्या ड्रेक्स बे या उपसागराच्या बाजूला शिकारीला गेले असताना हीच पाटी मला मिळाली होती, काही आठवड्यांनी मी ती रस्त्याकडेला फेकून दिली, असं त्याचं म्हणणं. वस्तूच्या सापडण्याची दोन वेगवेगळी ठिकाणं निघाली तर एरवी संशोधक सावध होतो. इथे उलट झालं. पुष्कळ अभ्यासक ड्रेक उतरला ती जागा ड्रेक्स बे मानत होते आणि शिनची टेकडी तिथून बरीच दूर, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी. शोफरच्या हकिकतीने ती अडचण आपोआप सुटली. शंकेचं कारण पुरावा म्हणून कामी आलं.

खोडी कोणाची, कशी

यामागे कोण होतं ते सविस्तर बाहेर यायला २००३ साल उजाडलं. एडवर्ड फॉन डर पोर्टन, रेमंड एकर, रॉबर्ट ॲलन आणि जेम्स स्पिट्झ या चार संशोधकांनी जुळवलेली साखळी अशी.

कल्पना एझ्रा डेन यांची. दुसरे क्लॅम्पर जॉर्ज हॅविलँड बॅरन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात पूर्वी अमेरिकन इतिहासाचे क्युरेटर होते. त्यांनी आराखडा केला आणि अलामेडाच्या जहाजबांधणीच्या आवारातून पितळेचा पत्रा आणला. तिथल्या कामगाराने तो यंत्राच्या कातरीवर कापून दिला. छिन्नी-हातोडीने अक्षरं ठोकली जॉर्ज क्लार्क यांनी. ड्रेकच्या नावाआधी जे आद्याक्षर आहे त्याचा अर्थ बोल्टननी ‘कॅप्टन जनरल’ असा लावला, पण ती क्लार्कनी ठेवलेली स्वतःची खूण होती. लॉरेन्झ नॉल आणि अल्बर्ट ड्रेस्लर यांनी मागच्या बाजूला अतिनील प्रकाशातच दिसेल अशा रंगाने मंडळाची तीन आद्याक्षरं रंगवली. मग १९३३ च्या सुरुवातीला पाटी मरीनमध्ये टाकून दिली. बोल्टनना ती मिळावी, त्यांनी नाचावं, मग मित्रांनी पाठीमागचा रंग दाखवून हशा पिकवावा आणि सगळ्यांनी मिळून प्यावं, एवढाच बेत असावा.

आपल्याकडच्या लिपितज्ज्ञांना बनावट ताम्रपट नवे नाहीत. पण ते जमीन किंवा वतन लाटण्यासाठी केलेले असतात, त्यामागचा लोभ शोधला की माणूस सापडतो. इथे कोणाला दमडीचाही फायदा नव्हता, त्यामुळे संशयाची नेहमीची वाट बंदच होती.

बेत फसला तो शोफरमुळे. पाटी उचलली गेली, दुसरीकडे फेकली गेली आणि खोडकरांच्या हातून सुटली. तीन वर्षांनी ती परत वर आली तेव्हा सोबत वर्तमानपत्रं, विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राऊल आणि देणगीदारांचे पैसे होते. चार भिंतींत बोल्टनना बाजूला घेऊन ‘अहो, ते आमचंच काम’ म्हणायची संधी निघून गेली होती.

कबुली दिली, पण कोणी ऐकली नाही

या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग मला हा वाटतो. क्लॅम्पर गप्प बसले नाहीत. ग्रॅबहॉर्ननी ‘कन्सॉलिडेटेड ब्रास अँड नॉव्हेल्टी कंपनी’ या काल्पनिक कंपनीच्या नावाने एक पत्रक छापलं: तुमचं गाव प्रसिद्ध करून देणाऱ्या पितळी पाट्या आमच्याकडे मिळतील. व्ही. एल. व्हॅन्डरहूफ या विद्यापीठातल्याच क्लॅम्परनी असली वस्तू बनवणं किती सोपं आहे हे दाखवायला एक विडंबन-पाटी केली. आणि १९३७ मध्येच मंडळाने एक पुस्तिका काढली. तिच्यात पाटीची भाषा, वर्णलेखन आणि धातू यांतल्या खोडी काढल्या होत्या. पाटीच्या मागे मंडळाची आद्याक्षरं प्रकाशमान रंगात शोधा, असंही होतं. पाटी आमच्या प्राचीन पंथाची मालमत्ता आहे, ती आम्ही परत मागायला हवी, असंही स्पष्ट लिहिलं होतं.

याहून उघड कबुली आणखी काय असते? पण ज्या मंडळाने आपला इतिहास आदमपासून सांगितला, ज्याच्या प्रत्येक पत्रकात थापा असतात, त्याने खरं सांगितलं तरी ती त्या वर्षातली आणखी एक थाप. वाचणारे हसले आणि पुस्तिका कपाटात ठेवून दिली. थट्टेच्या भाषेत बोलण्याची एवढी सवय झालेली की सरळ वाक्य लिहायला कोणी धजावलं नाही. एकाने सही करून विद्यापीठाला दोन ओळींचं पत्र टाकलं असतं तर काम भागलं असतं. ते कोणी केलं नाही, आणि का केलं नाही तेही समजण्यासारखं आहे. बोल्टन त्यांचे मित्र होते. सरळ पत्र म्हणजे मित्राची जाहीर फजिती. पुस्तिका म्हणजे सांगितलंही आणि सांगितलंही नाही.

या प्रकरणाचा दोष बहुतेक जण बोल्टनच्या हावरेपणावर टाकतात. मी तसा टाकणार नाही, निदान पूर्ण नाही. तपासणीआधी जाहीर करणं ही त्यांची चूक होतीच, आणि ती मोठ्या माणसाला न शोभणारी होती. पण त्यांची चूक काही आठवड्यांतली. क्लॅम्परांना गप्प राहण्याचा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागत होता. बोल्टन १९५३ मध्ये वारले. त्यानंतर तर मैत्रीची अडचणही उरली नव्हती.

धातू काय म्हणतो

शंका तेव्हाही होत्या. हंटिंग्टन ग्रंथालयाचे हस्तलिखित विभागप्रमुख आर. बी. हॅझेल्डन यांनी १९३७ मध्येच मजकूर आणि अक्षरवळणावर आक्षेप नोंदवले होते. त्यांना उत्तर म्हणून पाटी कोलंबिया विद्यापीठातले विद्युत-रसायनशास्त्रज्ञ कॉलिन फिंक यांच्याकडे गेली. फिंक आणि ई. पी. पोलुश्किन यांनी १९३८ मध्ये अहवाल दिला: पाटी अस्सल. मग विषय संपला. पाटी पाठ्यपुस्तकांत गेली, तिच्या प्रतिकृती विकल्या गेल्या, काही इंग्लंडच्या राणीला भेट म्हणूनही गेल्या.

फिंक यांच्यापुढे प्रश्न असा मांडला गेला असणार की ही पाटी खरी मानायला काही अडचण आहे का. त्या काळच्या साधनांनी अडचण दाखवणं कठीण होतं. ‘ही पाटी १९३० च्या आसपासच्या पत्र्याहून कशी वेगळी आहे’ असं विचारलं असतं, तर उत्तर वेगळं आलं असतं असं मला वाटतं.

१९७९ मध्ये ड्रेकच्या आगमनाला चारशे वर्षं होणार होती. त्या निमित्ताने बँक्रॉफ्टचे तेव्हाचे संचालक जेम्स हार्ट यांनी पाटी पुन्हा तपासायला काढली. त्यांच्या या निर्णयाचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. आपल्याच काचेच्या कपाटातली सर्वांत प्रसिद्ध वस्तू, उत्सवाच्या तोंडावर, प्रयोगशाळेत पाठवणं सोपं नसतं. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत हेलन मिशेल आणि फ्रँक असारो यांनी न्यूट्रॉनच्या माऱ्याने नमुन्यातली मूलद्रव्यं मोजली. याच दोघांनी पुढे १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांबरोबर डायनोसॉरच्या अंताशी जोडला जाणारा इरिडियमचा थर मांडला. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतही तपासणी झाली आणि एमआयटीचे धातुतज्ज्ञ सिरिल स्टॅन्ली स्मिथ यांनीही पाटी पाहिली.

सोळाव्या शतकात पितळ करायचं म्हणजे तांबं आणि जस्ताचं खनिज कोळशाबरोबर बंद मुशीत तापवायचं. जस्ताची वाफ तांब्यात मुरे. या पद्धतीत जस्त एका मर्यादेपलीकडे जात नाही, साधारण तीस टक्क्यांच्या आतच राहतं, आणि खनिजातली इतर मूलद्रव्यंही सोबत येतात. शिवाय पत्रा ठोकून पातळ केलेला असतो, त्यामुळे जाडी कमीजास्त. ड्रेकच्या पाटीत जस्त जास्त होतं, अशुद्धी फारच कमी, आणि पत्रा रुळांमधून काढलेला, एकसारख्या जाडीचा. कडा आधुनिक यंत्राने कापल्याची लक्षणं दाखवत होत्या. १९७७ चा निष्कर्ष: पाटी ड्रेकच्या काळातली असू शकत नाही. मंडळाच्या पुस्तिकेत धातूबद्दलची खोडी छापून चाळीस वर्षं झाली होती.

विद्यापीठाने पाटी लपवली नाही. बनावट म्हणून ती बँक्रॉफ्टमध्ये ठेवली. तरी कोणी केली ते गूढ राहिलंच. २००३ च्या साखळीला मी ‘सिद्ध’ म्हणायला थोडा कचरतो. ती मुख्यतः मागे उरलेल्या आठवणी आणि कागद यांच्यावर उभी आहे. पण जहाजबांधणीच्या आवारातली कातर आणि धातुतज्ज्ञांनी पाहिलेल्या कडा एकमेकींशी जुळतात, आणि १९३७ ची पुस्तिका तर छापील पुरावा आहे. त्यामुळे डेन-बॅरन-क्लार्क ही नावं मला पटतात.

पाटीमुळे एक उद्योग मात्र सुरू झाला होता. ती खरी वाटत होती तेव्हाच, १९४० पासून, बर्कलेच्या पुरातत्त्वज्ञांनी ड्रेक्स बेलगतच्या पॉइंट रेयेसच्या किनाऱ्यावर ड्रेकच्या खुणांसाठी उत्खनन केलं. तिथे मूळ रहिवासी कोस्ट मिवोक लोकांच्या जुन्या वस्त्यांमध्ये चिनी मातीच्या भांड्यांचे निळे-पांढरे तुकडे मिळाले. सुरुवातीला ते सगळे १५९५ मध्ये त्याच उपसागरात फुटलेल्या सेर्मेन्यो नावाच्या दर्यावर्दीच्या स्पॅनिश जहाजातले मानले गेले. पुढे क्लॅरन्स शँग्रॉ आणि एडवर्ड फॉन डर पोर्टन यांनी तुकडे दोन गटांत वेगळे केले. काहींच्या कडा लाटांनी घासून गुळगुळीत झालेल्या, म्हणजे फुटलेल्या जहाजातून वाहून आलेल्या. काही कोऱ्या, न घासलेल्या आणि नक्षीवरून थोड्या आधीच्या. हे दुसरे तुकडे ड्रेकने इथे उतरवलेल्या मालातले, असं त्यांचं म्हणणं. २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने ड्रेक्स बेच्या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला, आणि त्यासाठी पितळी पाटीची गरज कोणाला पडली नाही.